बसचा बोर्ड नेमका कुठे लपवलाय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात वर्षातून दोन-चार वेळा तरी कुठल्या ना कुठल्या नव्या टर्मिनलचे फोटो येतात. उंच छत, काचा, आत लावलेली झाडं, चकाचक फरशी. मी ते फोटो नीट बघतो कारण नोकरीमुळे महिन्यातून दोनदा तरी विमानात बसावं लागतं, आणि दर वेळी एकच जाणवतं की दाराबाहेरचा फोटो कोणीच काढत नाही. म्हणजे जिथे माणूस ट्रॉली धरून उभा असतो, मोबाइलला रेंज नाही, खिशात तिथले सुट्टे पैसे नाहीत आणि चार जण एकदम विचारतायत कुठे जायचं, कुठे जायचं, तो फोटो. हे पत्र त्या जागेबद्दल आहे. जरा लांबलंय, कापलंत तरी चालेल, फक्त बसचं कापू नका.

मागच्या वर्षी आईला घेऊन एका शहरात गेलो होतो. नाव सांगत नाही कारण हे कुठेही होतं. विमान तासभर लेट, बॅगा यायला अजून अर्धा तास, बाहेर पडेपर्यंत रात्रीचे साडेअकरा. आईचा गुडघा आधीच कुरकुरत होता. दारातून पाय बाहेर टाकतोय तोवर एकाने आमच्या ट्रॉलीला हातच घातला. म्हटलं बसने जायचंय. तर हसला आणि म्हणाला, "नो बस. बस फिनिश." (ही दोन वाक्यं मी आत्तापर्यंत तीन खंडांत ऐकलीयेत, उच्चारसुद्धा साधारण तोच.) गाडी पार्किंगच्या तिसऱ्या मजल्यावर, टपावर टॅक्सीचा दिवा नाही, मीटर विचारला तर "नाइट, नो मीटर". दमलेलो होतो, बसलो. उतरताना ठरलेल्या रकमेवर लगेजचे वेगळे, पार्किंगचे वेगळे, रात्रीचे वेगळे. मी वाद घालायला लागलो तर आई म्हणाली, "दे रे बाबा आणि चल आता." दिले. चार दिवसांनी परत जाताना कळलं की आमच्या हॉटेलच्या कोपऱ्यावरूनच एअरपोर्टची बस जाते, रात्रभर, दर अर्ध्या तासाने. एअरपोर्टवर तिचा थांबा खालच्या लेव्हलला, पार्किंग ओलांडून, एका जाड खांबाच्या मागे. बोर्ड होता. ए-फोर कागदाएवढा.

आता यात चूक थोडी माझी, आधी बघून ठेवायला हवं होतं, मान्य. पण जो पहिल्यांदाच विमानात बसलाय, ज्याला मुलाने तिकीट काढून दिलंय आणि जो पत्ता एका चिठ्ठीवर घेऊन आलाय, त्याने काय बघून ठेवायचं? त्या दाराबाहेरच्या दलालाचा सगळा धंदा पंधरा मिनिटांचा असतो. तेवढी पंधरा मिनिटं आपल्याला काही माहीत नसतं आणि त्याला सगळं माहीत असतं. अर्ध्या तासानंतर हाच माणूस आपल्याला फसवू शकत नाही, कारण तोवर आपण कोणाला तरी विचारलेलं असतं, वायफाय मिळालेलं असतं, डोकं जाग्यावर आलेलं असतं. म्हणून तर तो ट्रॉलीला हात घालतो, विचार करायला वेळच द्यायचा नाही. मी आता एक साधा नियम केलाय, जो आपल्याकडे चालत येतो त्याच्या गाडीत बसायचं नाही, लाईनीत जी गाडी उभी आहे तिच्याकडे आपण चालत जायचं. पॅरिसच्या एअरपोर्टवर तर आतच पाट्या आहेत की टर्मिनलमध्ये येऊन टॅक्सी विचारणाऱ्यांबरोबर जाऊ नका.

सगळं टॅक्सीवाल्यांवर ढकलायचं नाहीये मला. लाईनीतल्या टॅक्सीवाल्याची बाजू वेगळी आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. मोठ्या एअरपोर्टवर टॅक्सी थेट दारात येऊन लागत नाही, लांब कुठेतरी एक मोठं मैदान असतं, तिथे नंबर लावून थांबायचं, आत बोलावलं की मग पुढे यायचं. दोन तास, तीन तास, कधी त्याहून जास्त. एवढं थांबल्यावर पॅसेंजर बसतो आणि सांगतो, इथेच जवळ जायचंय, दहा मिनिटांवर. त्या ड्रायव्हरच्या चेहऱ्याकडे बघा मग. तो नाही म्हणतो, उद्धट बोलतो, मीटर बंद आहे म्हणतो, आपण चिडतो. आपलं चिडणं बरोबरच आहे पण त्याचं गणितही चुकीचं नाहीये, अख्खी दुपार एका छोट्या भाड्यात गेली.

यावर उपाय नाही असं अजिबात नाही. न्यूयॉर्कच्या केनेडी एअरपोर्टवर जवळचं भाडं मिळालेल्या ड्रायव्हरला एक चिठ्ठी देतात, तिला तिथले ड्रायव्हर 'शॉर्टी' म्हणतात, ठरलेल्या वेळेत पॅसेंजर सोडून परत आला की त्याला पुन्हा पहिल्यापासून नंबर लावावा लागत नाही. सॅन फ्रान्सिस्कोला आणि लंडनच्या हीथ्रोला पण याच धर्तीची सोय आहे. खर्च काय तर चिठ्ठीचा. पण जिथे हे नाही तिथे आपण "टॅक्सीवाले माजलेत" एवढंच म्हणून मोकळे होतो आणि एअरपोर्ट चालवणारे आपलं बोलणं शांतपणे ऐकून घेतात, कारण त्यांना कोणी काही म्हणतच नाही.

भाड्याचं पण तसंच. मीटर की फिक्स रेट हा वाद जुना आहे. मला स्वतःला फिक्स रेट बरा वाटतो, निदान एअरपोर्टहून निघताना तरी, कारण नवख्या माणसाला रस्ता माहीत नसतो आणि मीटर जरी खरा असला तरी गाडी फिरवून फिरवून नेता येतेच. केनेडी एअरपोर्ट ते मॅनहॅटन पिवळ्या टॅक्सीला १९९६ पासून मीटरऐवजी ठरलेलं भाडं आहे. पॅरिसने २०१६ मध्ये तेच केलं, नदीच्या उजव्या काठाला एक दर आणि डाव्या काठाला दुसरा, ट्रॅफिक किती का असेना. म्हणजे ट्रॅफिकचा फटका ड्रायव्हरवर गेला, हे त्याच्या बाजूने वाईट आहे, पण त्याला निदान शहरातले रस्ते तरी माहीत असतात. स्वीडनचं याच्या उलट. त्यांनी १९९० मध्ये टॅक्सीचे दर मोकळेच सोडून दिले, जो तो आपापला दर लावू शकतो. मग लुटालूट थांबवायची कशी, तर गाडीच्या काचेवर एक पिवळं स्टिकर लावणं भाग आहे आणि त्यावर मोठ्या आकड्यात लिहिलेलं असतं की १० किलोमीटर आणि १५ मिनिटांच्या प्रवासाला या गाडीत किती पडतील. दोन गाड्यांचे दोन आकडे बघा आणि स्वस्त असेल तिच्यात बसा, पहिल्याच गाडीत बसायची सक्ती नाही. हाँगकाँगला टॅक्सीचे रंगच वेगळे, लाल जवळजवळ सगळीकडे जाते, हिरवी न्यू टेरिटरीज नावाच्या भागासाठी, निळी लँटाऊ बेटापुरती, आणि एअरपोर्टवर तिघींच्या लाईनी वेगळ्या. लिहिता-वाचता येत नसलं तरी रंग कळतोच की.

पद्धत कुठलीही असो, गाडीत बसायच्या आधी आकडा कळला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं. बसल्यावर कळलेला आकडा काही कामाचा नाही.

अ‍ॅपवाल्या कॅबमुळे हे सगळं संपेल असं मला पण वाटलं होतं. थोडं संपलंही, आकडा आधी दिसतो हे खरंच. पण एका वेळी चार विमानं उतरली की तोच आकडा दुप्पट झालेला दिसतो, आणि ज्याला डेटा नाही, ज्याचं कार्ड तिथे चालत नाही, ज्याच्या फोनची बॅटरी विमानात सिनेमे बघून संपलीय त्याच्यासाठी अ‍ॅप असून नसून सारखंच. शिवाय गाडी येणार कुठे? ड्रायव्हर फोन करून विचारतो कुठे उभे आहात, आपण सांगतो खांबापाशी, तो म्हणतो कुठला खांब, तिथे सगळे खांबच आहेत. लॉस एंजेलिसला २०१९ मध्ये त्यांनी टर्मिनलच्या दारातून टॅक्सी आणि अ‍ॅपच्या गाड्या दोन्ही पकडणं बंद करून सगळ्यांना बाजूच्या एका वेगळ्या आवारात पाठवलं, चालत जा नाहीतर शटल बसने जा. सुरुवातीला मोठाल्या लाईनी लागल्या, बरीच ओरड झाली. दारासमोरची कोंडी कमी करायला म्हणून केलं ते ठीक, पण बॅगांचं ओझं शेवटी प्रवाशाच्याच खांद्यावर आलं ना.

रेल्वेबद्दल तर लोकांचा असा समज असतो की एअरपोर्टला ट्रेन जोडली की विषय संपला, नुसती ट्रेन आली म्हणजे झालं. अहो ही काही नवी कल्पना नाहीये. बर्लिनच्या टेम्पलहोफ विमानतळाला १९२७ मध्येच भुयारी रेल्वेचं स्टेशन होतं, विमानं पत्र्याच्या खेळण्यासारखी दिसायची त्या काळात! लंडनजवळच्या गॅटविक एअरपोर्टला १९५८ मध्ये टर्मिनलला लागूनच रेल्वे स्टेशन आलं, टोकियोच्या हानेदाला १९६४ च्या ऑलिम्पिकच्या तोंडावर मोनोरेल, झुरिकला १९८० पासून टर्मिनलच्या खालूनच ट्रेन, दहा-बारा मिनिटांत शहराच्या मुख्य स्टेशनात. म्हणजे कसं करायचं हे जगाला शंभर वर्षं माहीत आहे.

पण ट्रेन कुठे नेऊन सोडते आणि किती पैसे घेते यावर सगळं आहे. शांघायची ती चुंबकावर तरंगणारी ट्रेन घ्या. २००४ पासून रीतसर चालते, ३० किलोमीटर आठेक मिनिटांत, तेव्हाचा टॉप स्पीड ताशी ४३१ किलोमीटर. वाचूनच छाती दडपते. पण ती शहराच्या मध्यात जातच नाही, लाँगयांग रोडला सोडते, तिथे उतरून बॅगा ओढत मेट्रो पकडायची. जी मिनिटं वाचवली ती जिन्यात घालवली. आईसारख्या माणसाला किती मिनिटं लागतात यापेक्षा किती पायऱ्या आहेत हे आधी हवं असतं, आणि जाहिरातीत नेमकं तेच नसतं.

पैशांचं उदाहरण टोरोंटोचं. तिथे २०१५ मध्ये एअरपोर्टहून थेट शहरात ट्रेन सुरू झाली, दर १५ मिनिटांनी, २५ मिनिटांत पोचवणारी, सगळं उत्तम, आणि तिथलं प्रवासाचं कार्ड नसलेल्याला तिकीट साडेसत्तावीस कॅनेडियन डॉलर. गाड्या रिकाम्या धावायला लागल्या. वर्षही झालं नव्हतं तर मार्च २०१६ मध्ये तिकीट १२ डॉलरवर आणलं आणि त्याच गाड्या भरायला लागल्या. ट्रेन तीच, रूळ तेच. सिडनीला एअरपोर्टच्या दोन स्टेशनांवर नेहमीच्या तिकिटाच्या वर एक वेगळी फी लागते, आणि लगेच पुढच्या मॅस्कॉट स्टेशनला ती फी नाही, म्हणून माहीतगार लोक मॅस्कॉटपर्यंत बसने नाहीतर पायी जातात आणि तिथून ट्रेन पकडतात. एका स्टेशनच्या अंतरासाठी! लंडनला हीथ्रोहून तीन प्रकारच्या ट्रेन आहेत. पिकॅडिली लाईन १९७७ पासून आहे, साधी मेट्रो, वेळ लागतो पण स्वस्त. एक्सप्रेस १९९८ ची, लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनला पंधरा मिनिटांत, सगळ्यात महाग. आणि आता एलिझाबेथ लाईन, मधली. डोळ्यात भरतात त्या जाहिराती अर्थातच महागड्या गाडीच्या. पंधरा मिनिटांत पॅडिंग्टन हे छानच, पण पॅडिंग्टनला राहतं कोण? तिथून पुढे परत काहीतरी पकडायचंच असतं, ते धरून हिशोब केला की पुष्कळदा स्वस्तातलीच बरी पडते. हे सांगणारी पाटी मात्र मला कुठे दिसली नाही.

आता बस. बसचा विषय निघाला की लोक कंटाळतात, फोटो काढण्यासारखं तिच्यात काही नसतं. पण सगळ्यात लवकर आणि सगळ्यात कमी खर्चात जे सुधारता येईल ते तिथेच आहे. माँट्रियलला एअरपोर्टहून शहरात चोवीस तास बस असते आणि तिचा नंबर ७४७ आहे, जंबो जेट विमानाचाच. ज्याने हा नंबर ठेवला त्याला माझा नमस्कार, एकदा ऐकला की मरेपर्यंत विसरणार नाही. बोस्टनला सिल्व्हर लाईनची एअरपोर्टची बस २०१२ पासून शहराकडे येताना फुकट आहे, एअरपोर्टकडे जाताना तिकीट. कारण एकदम व्यवहारी, नवखे प्रवासी दारात उभं राहून सुट्टे शोधत बसतात आणि मागे रांग खोळंबते, त्यापेक्षा सरळ आत या, गाडी निघू दे. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया एअरपोर्टला कित्येक वर्षं रेल्वे येणार येणार चाललं होतं, २०२३ मध्ये तो बेत सोडून दिला आणि बसच सुधारायचं ठरलं. त्याच्या आदल्या वर्षापासून तिथली क्यू-७० बस फुकट आहेच. लक्झेंबर्गने तर २०२० मध्ये देशभरातलीच सार्वजनिक वाहतूक फुकट करून टाकली, त्यामुळे तिथे एअरपोर्टला उतरल्यावर तिकिटाचं मशीन शोधायलाच लागत नाही. (मशीन हा एक वेगळाच छळ आहे. नोट घेत नाही, घेतली तर परत बाहेर टाकते, मागे दहा माणसं उभी.)

मग बसचा बोर्ड ए-फोरचा का? मी यावर बराच विचार केलाय आणि मला तरी एकच कारण दिसतं. एअरपोर्टला पार्किंगमधून पैसे मिळतात, भाड्याने गाड्या देणाऱ्या काउंटरकडून मिळतात, पुष्कळ ठिकाणी टॅक्सी आणि अ‍ॅपच्या गाड्यांकडून दर फेरीला फी मिळते. बसमधून काय मिळणार? जवळजवळ काहीच नाही. तुम्ही बसने गेलात तर एअरपोर्टचं गिऱ्हाईक गेलं. कोणी मुद्दाम बसून बोर्ड लहान करा असं ठरवलं असेल असं मी म्हणत नाही, पण मोठा करायची घाई कोणालाच नाही, आणि जिथे घाई नसते तिथे गोष्टी खांबाच्या मागेच राहतात.

आणि जागा नाही हे कारण तर सांगूच नये. बॅगा यायची वाट बघत आपण बेल्टपाशी वीस-वीस मिनिटं उभे असतो, समोरच्या भिंतीवर घड्याळं आणि परफ्यूमच्या जाहिराती, भिंतभर. त्याच भिंतीचा एक कोपरा द्या. लिहा की इथून शहराच्या मध्यापर्यंत लाईनीतल्या टॅक्सीला साधारण इतके पडतात, ट्रेन इतक्यात जाते आणि तिला इतके, बस अमुक नंबरची, शेवटची अमुक वाजता, थांबा या दारातून बाहेर पडून डावीकडे. आणि लिफ्ट आहे की जिना तेही. रात्री बारानंतर काय चालू असतं ते वेगळं लिहा, कारण फसवाफसवी जास्त तेव्हाच होते. बाहेरच्या दलालाशी पोलिसांनी कितीही लपाछपी खेळली तरी तो दुसऱ्या दिवशी परत येतो, पण ज्या प्रवाशाला आतच आकडा कळलाय तो बाहेर येऊन "बस फिनिश" ऐकून घेत नाही.

ही सोय फक्त आमच्यासारख्या बॅगवाल्यांसाठी पण नाहीये. एअरपोर्टवर हजारो माणसं काम करतात, बॅगा उचलणारे, सफाईवाले, दुकानातली पोरं, सिक्युरिटी, आणि त्यांच्या शिफ्ट पहाटे चारला सुरू होतात नाहीतर रात्री एकला संपतात. महागड्या एक्सप्रेस ट्रेनने रोज कामाला कोण येणार? ते सगळे बसनेच येतात. बस किती वाजता, थांबा कुठे, हे त्यांना तोंडपाठ असतं, आणि गंमत म्हणजे त्यांना कोणीच विचारत नाही, सगळे त्या काचेच्या माहिती काउंटरसमोर रांग लावतात जे रात्री दहाला बंद झालेलं असतं.

मला हे कळलं ते परत त्याच शहरात गेलो तेव्हा, या वेळी एकटाच. पुन्हा रात्र, पुन्हा काउंटर बंद, आणि मी त्या जाड खांबापाशी उभा, तर बोर्डवरचा तो कागदही कोणी फाडून नेलेला. बाजूला एक बाई फरशी पुसत होती, साठीच्या आसपासची. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची नाही. मी नुसतं "बस?" म्हटलं. तिने मॉप भिंतीला टेकवला, आधी बोटांनी बसचा नंबर दाखवला, मग घड्याळावर बोट ठेवून वेळ दाखवली, मग माझ्या बॅगेकडे बघून हातानेच सांगितलं की मागच्या दाराने चढ, पुढे जागा नसते. दहा मिनिटांनी ती कपडे बदलून तिथेच येऊन उभी राहिली. तीच बस तिची पण होती.

आपला,
एक नेहमीचा प्रवासी